रजिस्टरला पिंजरा आहे, झाड नाही

महोदय,

शहरातील वृक्षतोडीवर आपल्या अंकात पत्रे येतात. बहुतेक पत्रे सावलीबद्दल आणि पाखरांबद्दल असतात. मी एका महापालिकेच्या लेखा विभागात 31 वर्षे काढली, तेव्हा मला बोलता येईल ते रजिस्टरबद्दलच.

आमच्या कार्यालयासमोर एक विलायती शिरीष होता. मी नोकरीला लागलो तेव्हाच तो दोघांच्या कवेत मावत नव्हता. निम्म्या स्टाफच्या स्कूटर त्याच्याखाली लागत. रस्तारुंदीत तो गेला. त्याच रस्त्यावरचे विजेचे सहा खांब काढले, त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तकातून कमी करण्याचा, रीतसर प्रस्ताव माझ्या टेबलावर आला: खरेदीचे वर्ष, घसारा, शिल्लक किंमत, तीन सह्या. शिरीषासाठी कागद आला तो एकच, जळाऊ लाकडाच्या लिलावाची पावती. ती मी स्वतः 'किरकोळ जमा' शीर्षाखाली घेतली. इतकी वर्षे उभ्या असलेल्या झाडाची हिशेबातली पहिली नोंद ती, आणि शेवटचीही.

रोपाभोवतीचा लोखंडी पिंजरा डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, असतो. आतले झाड नसते. रोप, खड्डा, माती, पाणी हा सारा महसुली, म्हणजे त्या वर्षापुरताच, खर्च. 31 मार्चला संपला. म्हणून दुसऱ्या वर्षी टँकरची तरतूद कापली तरी कुणी विचारत नाही. मालमत्ताच नाही, तर तिची देखभाल कसली?

झाडेही मालमत्ता म्हणून नोंदवा म्हटले, की 'झाडाची किंमत कशी काढणार?' असे विचारले जाते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांच्या प्रकरणात एका झाडाचे मोल वर्षाला 74,500 रुपये धरले होते. या आकड्यावर वाद घालता येईल. माझा एक जुना सहकारी तर म्हणतो, किंमत ठरवलीस की बिल्डर चेक फाडून मोकळा होईल. त्याचे म्हणणे मला पटते.

पण किंमत काढायची गरजच काय? 2004 च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा पुस्तिकेत फुकट मिळालेली मालमत्ता 1 रुपया नाममात्र किमतीने नोंदवायची सोय आहे. चौकातला देणगीत आलेला पुतळा असाच 1 रुपयाला पुस्तकात बसतो, आणि म्हणून तो हलवायचा झाला तर फाइल फिरते. झाडेही 1 रुपयानेच घ्या. एकदा नोंद झाली की दरवर्षी प्रत्यक्ष पडताळणी आली. झाड कमी भरले तर लेखापरीक्षक आक्षेप घेणार, आणि त्याचे उत्तर लेखी द्यावे लागणार. कचेरीत लोक नोटिशीला घाबरत नाहीत इतके प्रलंबित आक्षेपाला घाबरतात, हे अनुभवाने सांगतो.

नव्याने मोजणीही नको. 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायचीच असते. जात, बुंध्याचा घेर, ठिकाण हे सारे उद्यान विभागाकडे असते. फक्त ते लेखा विभागाच्या मजल्यावर येत नाही. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरील झाड हेरिटेज ठरले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे आले. आता ती रोपे जगली का, हे कुठल्या पुस्तकातून तपासायचे? वृक्षतोडीला परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाच्या इतिवृत्तातून? तिथे लावल्याचा आकडा सापडतो, जगल्याचा नाही.

पेन्शनच्या कामासाठी परवा कार्यालयात गेलो होतो. शिरीषाच्या बदल्यात दुभाजकावर लावलेल्या रोपांचे पिंजरे येता-जाता मोजले. चौदा. त्यातल्या नऊमध्ये काही नव्हते, एकात चहाचे कागदी कप होते. पिंजरे रजिस्टरला बरोबर चौदाच असतील.

आपला,
एक निवृत्त लेखापाल
(नाव व पत्ता संपादकांकडे)