पाढ्यांमुळे विचाराला जागा मिळते

मा. संपादक,

‘पाठांतर बंद करा, मुलांना विचार करायला शिकवा’ ही मागणी पालकसभांत सतत ऐकू येते. तिच्यामागची तळमळ खरी आहे, पण पाठांतर आणि विचार यांना एकमेकांचे वैरी ठरवले की नुकसान मुलांचेच होते.

चौथीचे गणित घ्या. एका पेटीत २४ आंबे, अशा ८ पेट्या, त्यांतले १५ आंबे नासले. उरलेल्यांचे किती डझन? पाढा येणाऱ्या मुलाला १९२ चटकन आठवतात. न येणारे मूल चोवीस-चोवीस मिळवत जाते; आतापर्यंतची बेरीज आणि कितव्यांदा मिळवले, दोन्ही त्याला मनात धरावे लागते. चालू कामापुरते मनात धरण्याची आपली क्षमता तोकडी आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती एका वेळी सात गोष्टींच्या आसपास सांगितली. त्याच क्षेत्रातल्या नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. त्यांतल्या दोन जागा बेरजेनेच अडवल्या की नासलेले १५ आणि डझन दोन्ही निसटतात. मूल १९२ वरच थांबते आणि आपण म्हणतो, याला गणित कळत नाही.

पाठ करून घेण्याची रीत मात्र बदलायला हवी. नुसते चालीवर म्हटलेले पाढे साखळीसारखे साठतात. मधूनच ‘सात अठ्ठे?’ विचारले की मूल सात एकेपासून सुरू करते. आधी सातांच्या आठ रांगा मांडून दाखवाव्यात. मग रोज पाच मिनिटे, पुस्तक मिटून, क्रम मोडून विचारावे. चुकले तर लगेच बरोबर उत्तर सांगून दोन-तीन प्रश्नांनंतर तेच पुन्हा विचारावे. मग परवा, मग आठवड्याने. सहा नव्वे ५४ आणि सात अठ्ठे ५६ यांची हमखास गल्लत होते, म्हणून ती एकाच दिवशी नव्याने देऊ नयेत.

पुन्हा पुन्हा वाचून घेण्यावर भिस्त ठेवू नये. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले.

शाळांना विनंती एवढीच, की या पाच मिनिटांना गुण देऊ नयेत आणि घड्याळही लावू नये. चुकण्याची धास्ती बसली की तीही त्याच मोजक्या जागांतली एक अडवते.

– एक गणित शिक्षक, सातारा