श्रावणात केलेले फोन आणि ‘९५ टक्के व्यसनमुक्त’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

व्यसनमुक्ती सप्ताहानिमित्त आपल्या रविवारच्या पुरवणीत एका व्यसनमुक्ती केंद्रावर पानभर लेख आला आहे. केंद्राचे नाव मी इथे घेत नाही, माझे भांडण त्यांच्याशी नाही. ‘९५ टक्के रुग्ण कायमचे व्यसनमुक्त’ असा ठळक मथळा आहे आणि आत एका ओळीत म्हटले आहे, की ऑगस्टमध्ये माजी रुग्णांना फोन करून हे ‘सर्वेक्षण’ केले. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

मी सोलापुरात व्यसनांवरच्या संशोधन प्रकल्पांत समन्वयक म्हणून काम करते. एमएसडब्ल्यू झाल्यापासून हेच करत आले. अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर असतात, शोधनिबंधावर नाव त्यांचे लागते. माणसाला अभ्यास समजावून सांगणे, संमती घेणे, प्रश्नावल्या भरणे आणि तीन, सहा, बारा महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा गाठून तेच प्रश्न विचारणे, हे माझ्याकडे. यातले शेवटचे काम सगळ्यांत किचकट. टक्केवारीत किती दम आहे ते तिथेच ठरते.

आधी ऑगस्टचे बघू. ऑगस्ट म्हणजे बहुतेक सगळा श्रावण. आपल्याकडे कितीतरी पिणारे गटारीला मनसोक्त पितात आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर थेंबाला शिवत नाहीत. काही जण तर थेट गणपती उठेपर्यंत पाळतात. अशा माणसाला मी विचारते, ‘गेल्या तीस दिवसांत किती दिवस घेतली?’ तो म्हणतो, ‘एक दिवस पण नाही ताई. श्रावण चालू हाय की. हात पण लावलो नाय.’ तो खोटे बोलत नसतो. पण हाच प्रश्न विसर्जन मिरवणुकीनंतरच्या आठवड्यात विचारला, तर उत्तर वेगळे येते. व्यसनमुक्ती केंद्राची पायरीही न चढलेल्या शंभर पिणाऱ्यांना ऑगस्टमध्ये फोन केला, तरी त्यांतले बरेच जण ‘बंद आहे’ असेच सांगतील. श्रेय कुणाला द्यायचे, केंद्राला की श्रावणाला?

उपचाराच्या चाचणीत दोन गट का करतात, एकाला नवा उपचार आणि दुसऱ्याला तो का नाही, असे मला नातेवाईक नेहमी विचारतात. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, त्यात माझा हात नसतो. औषधाच्या चाचणीत तर कोणत्या डबीत खरे औषध आहे आणि कोणत्या डबीत तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, हे मलाही माहीत नसते. एका माउलीने माझ्या टेबलावर चुडा भरलेला हात ठेवून विनवले होते, ‘ताई, आमच्या ह्यांना तेवढं खरं द्या.’ तिला मी श्रावणाचेच उदाहरण दिले. श्रावण दोन्ही गटांना सारखाच येतो. पगाराचा दिवस, गड्ड्याची जत्रा, भावकीतले लग्न, सगळे दोघांना सारखे. त्यामुळे शेवटी फरक उरला, तर तो उपचाराचा. एकच गट घेतला आणि महिनाही सोयीचा निवडला, तर पंचांगाचे पुण्य उपचाराच्या खात्यावर जमा होते.

असे नीट केलेले काम बघायला फार लांब जायला नको. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशी चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दारूमुळे नुकसान होऊ लागलेल्या ३७७ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांबरोबर समुपदेशनाची थोडी सत्रे मिळाली, तीही मानसोपचारतज्ज्ञांकडून नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांकडून. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते. न मिळालेल्यांतही २६ टक्क्यांचे आले होते. खरा फायदा म्हणायचा तो या दोन आकड्यांमधला फरक. जगभर नावाजलेल्या कामाचा आकडा ३६ आहे आणि आपल्या मथळ्यातला ९५. त्या चाचणीत तीन महिन्यांनी जवळजवळ ८९ टक्के लोकांना पुन्हा गाठले होते, हे मला त्या ३६ पेक्षा मोठे वाटते. त्यामागे किती पायपीट असेल हे माझ्यासारखीलाच कळेल.

कारण माणसे सापडत नाहीत. सिमकार्ड बदललेले असते. पत्ता असतो ‘विडी घरकुल, पाण्याच्या टाकीमागे’, आणि टाकीमागे दोनशे घरे. यंत्रमागावरचा कामगार कारखाना बदलतो, दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघून जाते ती उन्हाळ्यालाच परतते. मी संमतीच्या वेळीच दोन-तीन जवळच्या लोकांचे नंबर घेऊन ठेवते, पण त्यांना फोन लावला तरी अभ्यास कशाचा आहे हे सांगता येत नाही. ‘आरोग्याच्या एका कामासाठी बोलतेय’ इतकेच म्हणायचे. त्यावर पलीकडून बायको विचारते, ‘कोण बोलतेय तुम्ही? यांचं काय काम?’ संशोधनातल्या नियमांमुळे कुणाच्या संसारात काय काय संशय पेरले जातात, यावर खरे तर वेगळा शोधनिबंध निघेल.

आता ९५ कसे येतात ते सांगते. समजा, केंद्रातून वर्षभरात २०० जण बाहेर पडले. फोन उचलला ८० जणांनी. त्यांतले ७६ म्हणाले, ‘बंद आहे.’ ८० पैकी ७६ म्हणजे बरोबर ९५ टक्के. हिशेबात चूक नाही. पण २०० पैकी धरले तर ३८. न सापडलेला माणूस पुन्हा पिऊ लागला असे गृहीत धरायचे, असा आमच्याकडे बऱ्याच अभ्यासांत कडक शिरस्ता असतो. तो काहींवर अन्याय करतो. एक जण पुण्यात ड्रायव्हर झाला, दारू सोडली आणि त्या दिवसांची आठवणच नको म्हणून फोन घेत नाही, असेही होते. तरी हा शिरस्ता निदान स्वतःच्या कामाची फुकटची तारीफ करत नाही. फोन उचलतो तो बहुधा बरा असलेला माणूस. पुन्हा सुरू झालेल्याला स्क्रीनवर केंद्राचे नाव दिसले की लाज वाटते, तो उचलत नाही.

काही जण उचलत नाहीत, कारण ते राहिलेलेच नसतात. ‘ते गेले की हो ताई, दिवाळीच्या आधीच,’ असे उत्तर मी ऐकलेले आहे. औषधाच्या चाचणीत असा मृत्यू कळला, की चोवीस तासांत नैतिकता समितीला आणि औषध नियंत्रकांना कळवावा लागतो, औषधाशी संबंध असो वा नसो. वर्तमानपत्रांत छापल्या जाणाऱ्या यशाच्या आकड्यांत कधी कोणी मेल्याचे मी वाचलेले नाही.

‘बंद आहे’ याची पडताळणी कशी केली, हाही प्रश्नच आहे. श्वासाच्या यंत्राला काही तासांपूर्वीचीच कळते, चार दिवसांपूर्वीची नाही. म्हणून आम्ही कॅलेंडर पुढ्यात ठेवून बसतो आणि तीन महिने मागे जातो. तारखा कुणाला आठवत नाहीत. मग आठवड्याचा पगार कोणत्या वारी, मेहुणीचे लग्न कधी झाले, जयंतीच्या मिरवणुकीला गेला होतात का, अशा खुंट्या ठोकत एकेक दिवस भरायचा.

किती पितो, याचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, तिच्यात एका दिवशी किती ‘मापे’ घेता असे विचारतात, आणि एक माप म्हणजे दहा ग्रॅम अल्कोहोल. आता दहा ग्रॅम कुणाला कळणार? माझ्या खणात क्वार्टरची एक रिकामी बाटली, एक स्टीलचा पेला, लग्नात मिळतो तसला प्लास्टिकचा ग्लास आणि औषध मोजायचे माप असे सामान असते. नवीन शिपायाने एकदा खण उघडला आणि पुढचे काही दिवस तो माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होता. मी माणसाला म्हणते, नेहमी भरता तेवढे पाणी या ग्लासात भरा. तो भरतो, मी मोजते. ‘दोनच पेग’ म्हणणाऱ्याचे दोन पेग पाच-सहा मापांचे निघतात. इंग्लिश दारूची १८० मिलीची क्वार्टर म्हणजे साधारण सहा मापे, स्ट्राँग बिअरची मोठी बाटली चारच्या आसपास. हातभट्टीच्या पिशवीला तर माप लावणेच कठीण, प्रत्येक भट्टीची ताकद निराळी. आपल्या लेखात एका रुग्णाच्या पत्नीचे ‘आता फक्त क्वार्टरच घेतात’ हे वाक्य यशाचे उदाहरण म्हणून छापले आहे. कमी झाली असेल तर आनंदच आहे, पण रोजची क्वार्टर घेणाऱ्याला व्यसनमुक्तांत धरायचे की नाही?

लेखासोबतच्या छायाचित्राबद्दलही बोलायला हवे. रांगेत बसलेले बारा-पंधरा रुग्ण, सगळ्यांचे चेहरे स्वच्छ दिसताहेत. आमच्याकडे दारूचा अंमल असताना घेतलेली सही संमती धरली जात नाही. माणूस शुद्धीवर, थरथर ओसरलेली, तेव्हाच माहितीपत्रक वाचायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवायचा. शिवाय मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांतले कागद तयार ठेवायचे, कारण सोलापूर आहे. इतके करून संमतीपत्राची प्रत हातात दिली, की बरेच जण म्हणतात, ‘तुमच्याकडंच ठेवा, घरात कोणी बघितलं तर पंचाईत.’ घरी कागद न्यायला घाबरणाऱ्या माणसांचे चेहरे आपण जिल्हाभर वाटले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या अतिवापराशी निगडित मानसिक स्थितींचाही समावेश आहे, आणि उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र त्याच्या संमतीविना माध्यमांना देण्यास कलम २४ ने मनाई आहे. त्या बारा-पंधरा जणांना कोणी विचारले होते का, हे आपल्या वार्ताहरालाच ठाऊक.

त्याच अंकात छोट्या जाहिरातींत ‘पिणाऱ्याला न कळवता दारू सोडवा’ अशी चौकट आहे. त्या पुडीत काय असते मला माहीत नाही. पण डायसल्फिराम नावाची गोळी कुणीतरी सुचवली म्हणून आमटीत कालवणाऱ्या बायका मला भेटलेल्या आहेत. ती पोटात असताना माणूस प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीव जातो. त्या माणसाला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय ती कधीही देऊ नये, असा औषधशास्त्राचा स्पष्ट दंडक आहे. पान सातवर व्यसनमुक्तीचा गौरव आणि पान अकरावर ही चौकट, हे कसे चालते?

माणसे शोधायला पैसा लागतो आणि त्यालाच सगळ्यांत आधी कात्री लागते. सहभागी माणसाचा दिवसाचा रोज बुडतो, म्हणून प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी असे मी म्हटले, की बैठकीत कोणीतरी हमखास म्हणते, ‘रोख दिलीत तर तो गुत्त्यात जाईल.’ अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये हे तपासून झालेले आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रोख दिल्याने किंवा रक्कम वाढवल्याने नव्याने नशा करण्याचे प्रमाण वाढले नाही, उलट माणसे फेरतपासणीला जास्त आली. आणि शोधणारी माणसे अकरा महिन्यांच्या करारावर. प्रकल्प संपला की आम्हीही संपलो, मग वर्षभराने फोन कोण करणार? हे स्वतःसाठी रडगाणे वाटेल, वाटू दे.

मुळात उपचारांपर्यंत पोहोचणारेच थोडे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच कुठले तरी उपचार मिळाल्याचे आढळले. अशा वेळी एखादे कुटुंब आपला मथळा वाचते, दागिने गहाण टाकून माणसाला त्या केंद्रात ठेवते, आणि चार महिन्यांनी तो पुन्हा प्यायला लागला की म्हणते, ‘शंभरात पंच्याण्णव बरे झाले, आमचाच नालायक निघाला.’ अशी माणसे मग दुसऱ्यांदा उपचारांना येत नाहीत. आणि दारू दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुटते, हे तर माझ्या कामातले रोजचे चित्र आहे.

केंद्राने ‘संशोधन’ असा शब्द वापरला असेल, तर नैतिकता समितीची मान्यता दाखवा म्हणावे. औषधाची चाचणी असेल, तर भारतीय क्लिनिकल ट्रायल्स नोंदणीचा क्रमांकही मागावा. २००९ पासून ती नोंदणी सक्तीची आहे आणि कोणालाही फुकट बघता येते. नुसते फोन केले असतील, तर तसे छापावे.

माझी विनंती एवढीच, की आपल्या वार्ताहराने केंद्राकडून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या सगळ्यांची संख्या मागून घ्यावी. मग ३१ डिसेंबर आणि गड्डा, दोन्ही उलटू द्यावेत, आणि जानेवारीअखेर केंद्राने रुग्णांच्या संमतीने त्या सगळ्यांना पुन्हा गाठावे. न सापडलेले किती आणि वारलेले किती, हेही आकड्याशेजारी असू द्यावे. जो आकडा येईल तो याच पुरवणीत, याच टायपात छापावा.

आपली नम्र,
अभ्यास समन्वयक, सोलापूर

(कृपया नाव प्रसिद्ध करू नये. माझ्या नावावरून रुग्णालय कळेल आणि रुग्णालयावरून माझ्या टेबलासमोर कोण बसतो हे गल्लीत कळायला वेळ लागणार नाही.)