अंगठ्याची झीज जपणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात. पण पंचवटीत ज्यांनी तुमच्याकडे पेटी, गिटार किंवा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला दिला असेल, त्यांना कळायचं ते कळेलच. समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही हात झटकता आणि चहा सांगता. म्हणून लिहून टाकते.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. माझे काका नाशिकच्या ऑर्केस्ट्रांमध्ये बेस गिटार वाजवायचे. गणपतीतले मंडप, लग्नाचे हॉल, कधी कालिदास कलामंदिर. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतला बेस टोनी वाझ यांचा, हे मला सातवी-आठवीत असताना त्यांनीच कानात भरवलं. काका गेले आणि त्यांची गिटार माझ्याकडे आली. जपानी बनावटीची, फेंडर या अमेरिकन कंपनीच्या जाझ बेस या मॉडेलवरून केलेली जुनी प्रतिकृती. तारांचं कंपन पकडून ॲम्प्लिफायरकडे पाठवणारे दोन पिकअप तिला असतात: एक नेककडे, म्हणजे गिटारच्या मानेकडे, आणि दुसरा ब्रिजकडे, म्हणजे तारा जिथे खाली अडकवतात तिथे. नेककडचा मुका झाला होता. आत केसासारखी बारीक तार असते, ती कुठेतरी तुटली होती.

तुमच्याआधी मी ज्यांच्याकडे गेले त्यांच्याबद्दलही लिहिणार आहे, कारण तो राग अजून उतरलेला नाही. बेस माझ्या खांद्यावर, प्रश्न माझा, आणि दुकानदार उत्तरं देत होते सोबत आलेल्या माझ्या भावाला. त्यांनी मेलेल्या पिकअपच्या जागी मिळेल तो सिरॅमिक चुंबकाचा पिकअप बसवला, "हा जास्त मोठ्याने वाजतो" म्हणून. वाजायचाही मोठ्याने, एकटा असताना. पण दोन्ही पिकअपचा आवाज पूर्ण उघडला की खालच्या पट्टीतला सगळा दम निघून जायचा, नुसता नाकातला आवाज उरायचा. परत नेली तर म्हणाले, जुनं मॉडेल आहे, असंच वाजणार. पटत नसेल तर लाकूड कोरून प्रिसिजनचा, म्हणजे फेंडरच्याच दुसऱ्या बेसचा, पिकअप बसवून देऊ. काकांच्या गिटारचं लाकूड कोरायचं! काढलेला जुना पिकअप एका पिशवीत घालून परत दिला, तोसुद्धा तारा ओढून तोडलेला.

तुम्ही मात्र आधी म्हणालात, "ताई, तुम्ही वाजवा. मी ऐकतो." मी वाजवत होते तेवढा वेळ तुम्ही गिटारला हातही लावला नाही. नंतर टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरला, तारा एकेक करून सैल केल्या आणि काट्याचा मीटर काढला. एका पिकअपच्या टोकावर स्क्रूड्रायव्हर टेकवून झटकन उचलला, काटा उजवीकडे उडाला. दुसऱ्यावर तेच केलं, काटा डावीकडे. "बघा, दोघं एकमेकांच्या उलट बोलतायत. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात." महिनोन्‌महिने जे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते तुम्ही त्या काट्यावर दाखवलंत.

एका पिकअपच्या जोडणीच्या दोन वायरींची अदलाबदल केल्यावर आवाजात लगेच दम आला. तिथेच पैसे घेऊन मला वाटेला लावता आलं असतं, मला काही कळलंही नसतं. तुम्ही थांबलात. म्हणालात, आता गुरगुर ऐका, न वाजवताही मागे चालू राहणारी. खरंच, दम आला होता तशी गुरगुरही वाढली होती. मग समजावलंत: दोन पिकअपमध्ये तारेचे वेढेही उलटे हवेत आणि चुंबकाची दिशाही उलटी हवी. तेव्हाच सूर एकत्र येतात आणि बाहेरून शिरलेली गुरगुर मात्र एकमेकांत विरून जाते. दोन वेगळ्या कारखान्यांचे पिकअप शेजारी बसवून हे दैवयोगानेच जमायचं. शिवाय सिरॅमिकवाल्याचा आवाज ब्रिजकडच्या जुन्या ॲल्निकोवाल्याच्या डोक्यावर बसत होता. ॲल्निकोत, म्हणजे लोखंड, ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूत, तारांखालच्या दांड्या हेच चुंबक असतात. सिरॅमिकच्या स्वस्त पिकअपमध्ये बहुधा चुंबकाची पट्टी खाली असते आणि दांड्या साध्या लोखंडाच्या.

प्रिसिजनचा विषयही तुम्ही टाळला नाही. खुंटीवरची एक काढून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, दोन्हींवर तीच ओळ वाजवा, मग ठरवा. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन आणली आणि 1957 मध्ये तिचा पिकअप दोन तुकड्यांचा केला. प्रत्येक तुकड्याकडे दोन तारा, आणि दोन्ही तुकडे मिळून गुरगुर खातात. म्हणून ती कायम शांत. जाझ बेस 1960 ची. तारेची लांबी दोन्हींना 34 इंच, पण जाझचा नेक वरच्या टोकाला, नटजवळ, दीड इंचाचा, माझ्या लहान पंजाला सोसणारा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन यांनी 1962 च्या प्रिसिजनवर, एकाच पिकअपवर आणि जुन्या फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत वेढ्यांच्या, तारांवर काय काय वाजवलं, हेही तुम्ही उत्साहाने सांगितलंत. प्रिसिजन मला आवडली. तिचा मधला आवाज भरीव, ढोलक-ढोलकीच्या गर्दीतूनही वाट काढणारा. पण ती ओळ काकांच्या गिटारवर वाजवली तेव्हा तुम्हीच म्हणालात, "दोन्ही उघडून मधे जी पोकळी येते ना, ती जाझची. तुमच्या कानात काकांचा तोच आवाज बसलाय. लाकडाला हात लावायचा नाही." मी जे सांगू शकत नव्हते ते तुम्ही माझ्या वाजवण्यावरून ओळखलंत.

मग ॲल्निकोची जुळवलेली जोडी मागवायचं ठरलं. पोलादी पट्टीने मोजून तुम्ही सांगितलंत की ब्रिजकडचा पिकअप सत्तरच्या दशकातल्यासारखा, साठच्या दशकातल्यापेक्षा अर्ध्या इंचाहून किंचित कमी अंतराने ब्रिजकडे सरकलेला आहे. म्हणजे आवाज मुळातच थोडा तीक्ष्ण, त्यामुळे पिकअप फार चमकदार नकोत. महागाच्या जोडीकडे मी बघत होते, ती तुम्हीच नको म्हणालात. आणि आधीच बजावलंत की एकच पिकअप उघडला तर थोडी गुरगुर राहणारच, तो दोष समजू नका. विकणारा माणूस विकण्याआधी त्या वस्तूची मर्यादा सांगतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

एवढं सगळं झालं, तरी पत्र लिहायला बसले ते एका कव्हरसाठी.

नेककडच्या पिकअपचं जुनं काळं कव्हर वरच्या काठाला झिजलं होतं. काका तिथे अंगठा टेकवून वाजवायचे. वर्षानुवर्षांच्या त्या टेकण्याने प्लास्टिकला गुळगुळीत उतार आला होता, बोट ठेवलं की बरोबर बसेल असा. आधीच्या दुकानाने तो पिकअप कव्हरसकट भंगारासारखा पिशवीत टाकला होता. तुम्ही ती पिशवी उघडलीत, कव्हर उजेडात धरलंत, झीज बघितलीत आणि मला विचारलंत, "ताई, ही झीज ठेवायची का?"

मला बोलता येईना. तुम्हीही पुन्हा विचारलं नाही. कव्हरवर कागद ठेवून पेन्सिल घासलीत, आठही भोकं कागदावर उमटवलीत आणि त्या अंतराचा पिकअप मिळेल का, हे माझ्यासमोरच फोनवर विचारायला लागलात. जाझ बेसच्या दोन पिकअपची लांबी सारखी नसते, नेककडचा जरा आखूड असतो, आणि जपानी प्रतिकृतींची मापं त्याहून वेगळी निघू शकतात. हे सगळं जुळवत बसण्यापेक्षा नवं कव्हर लावणं कितीतरी सोपं होतं. नवा पिकअप आला तोही जुन्या कव्हरमध्ये घट्ट बसत होता. तेव्हा तुम्ही कव्हरच आतून घासलंत, जरा जरा, मधेच बसवून बघत. बाहेरच्या काठाला कानस लागू दिली नाही. या कामाचे पैसे बिलात कुठेच नव्हते. विचारलं तर म्हणालात, "त्यात काय एवढं?"

त्यात फार होतं, दादा. वस्तू दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. ती कुणाच्या हातून आली आहे हे बघून मग हत्यार उचलणारे थोडे. असे लोक गावात आहेत म्हणून आमच्यासारख्यांची वाद्यं वाजती राहतात: तबल्याची पुडी बदलण्याआधी "रोज कुठल्या पट्टीत लावता?" असं विचारणारे, पेटीतली सुराची रीड बदलताना जुनी जपून हातात देणारे. त्यांच्या दुकानांवर मोठ्या पाट्या नसतात. पाट्या असलेल्यांनी मला काय दिलं ते वर लिहिलंच आहे. गिऱ्हाइकाशी नीट बोलायला आणि काही काढून टाकण्याआधी विचारायला पैसे पडत नाहीत, हे त्यांनी वाचावं म्हणूनही हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

ब्रिजकडचा जुना पिकअपही तुम्ही कागदात गुंडाळून, वर "चालू आहे, फेकू नये" असं लिहून दिलात. तो कपाटात काकांच्या वह्यांशेजारी ठेवलाय.

आता एक विनंती, आणि या वेळी हात झटकू नका. पुढच्या महिन्यात आमच्या ग्रुपचा कार्यक्रम आहे. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवून वाजवणार आहे. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या तुमच्यासाठी आणि वहिनींसाठी धरल्यात. दुकान त्या दिवशी संध्याकाळी लवकर बंद करा. घ्यायला मी आणि भाऊ गाडी घेऊन येतो.

तुमची,
बेसवाली ताई