'थ्रीडी' म्हणजे नेमके काय, ते आधी विचारा

संपादक महोदय,

डॉक्युमेंट कॅमेरा म्हणजे टेबलावरचा कागद किंवा वस्तू वरून टिपून पडद्यावर वा संगणकात दाखवणारा कॅमेरा. 'थ्रीडी डॉक्युमेंट कॅमेरा' या एका नावाखाली दोन वेगळी यंत्रे विकली जातात. वर्गातला व्हिज्युअलायझर घनवस्तू पडद्यावर दाखवतो, पण चित्र सपाटच असते. दुसरा, पुस्तके स्कॅन करणारा. तो लेसरच्या रेषांनी पानाचा बाक मोजून सॉफ्टवेअरने पान सरळ करतो. शाळेला पहिला हवा, ग्रंथालयाला आणि वकिलांच्या कार्यालयाला दुसरा.

वर्गात जास्वंदीचे फूल ठेवून पाहावे. लेन्स अगदी जवळ आणली की वर आलेले परागकोश स्पष्ट आणि पाकळ्या धूसर होतात. कॅमेरा 35-40 सेंमी उंच करून डिजिटल झूम वापरल्यास दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. मेगापिक्सेल (चित्रातले दशलक्ष ठिपके) कामाला येतात ते इथे. 8 मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी साधारण 3264 पिक्सेल, जुन्या प्रोजेक्टरची 1024. म्हणजे तिप्पट झूमपर्यंत तपशील हरवत नाही. झूम करायचेच नसेल, तर त्या प्रोजेक्टरवर जादा मेगापिक्सेलचे पैसे वाया.

फोकस लॉकचे, म्हणजे फोकस एका जागी स्थिर ठेवण्याचे, बटण मात्र हवेच. नाहीतर हात मध्ये आला की ऑटोफोकस भरकटतो आणि वर्ग धूसर पडद्याकडे बघत बसतो. चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील, तर कॅमेरा बिघडलेला नसतो. बहुधा सेटिंग 60 हर्ट्झचे असते, आपली वीज 50 हर्ट्झची. तेवढे बदलावे. गुळगुळीत कागद चमकत असेल तर लेन्सशेजारचा दिवा बंद करून बाजूने 45 अंशांत उजेड द्यावा.

कार्यालयीन कामाचा हिशेब वेगळा. ए-फोर पान 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) घ्यायला 3508×2480, म्हणजे सुमारे 8.7 मेगापिक्सेल लागतात. 'फुल एचडी' (1920×1080 पिक्सेल) कॅमेऱ्यात उभे पान जेमतेम 92 डीपीआयने येते, आडवे ठेवले तरी 130. एवढ्यात देवनागरीचे अनुस्वार आणि रफार पुसट होतात आणि ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणारे सॉफ्टवेअर) चुकते. पानाखाली काळी चटई अंथरावी, म्हणजे सॉफ्टवेअरला कडा सापडतात.

खरेदीपूर्वी कॅमेरा यूव्हीसी (यूएसबी कॅमेऱ्यांसाठीचे सामायिक मानक) प्रकारचा आहे का, हेही विचारावे. तसा असेल तर विंडोज किंवा लिनक्सवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो. केवळ कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर चालणारा कॅमेरा संगणक बदलल्यावर कपाटात जाऊ शकतो.

– एक विज्ञानशिक्षक, सातारा