कॅसेटी घेऊन ये

विश्रामबाग, सांगली

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास, "पीसीवरचा स्पेक्ट्रम म्हणजे वनस्पती तुपातला शिरा." तू मधे मधे बोलतोस, त्यामुळे फोनवर उत्तर देणं अवघड. म्हणून हे पत्र. आता गप ऐकशील.

आपल्या खऱ्या स्पेक्ट्रमचं, टीव्हीला जोडून कॅसेटीवरून गेम खेळायच्या त्या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरचं, काय झालं ते तुला ठाऊकच आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागातल्या घरी खालच्या कपाटात ठेवलेला पुण्याच्या डेसिबल्स कंपनीचा स्पेक्ट्रम प्लस गाळात गेला. माळ्यावरच्या कॅसेटी तेवढ्या कोरड्या राहिल्या. मशीन नाही आणि कॅसेटी आहेत, मग दुसरं करणार काय? फ्यूज नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची पीसीवर हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, उतरवून घेतला, फुकट आहे. त्याला स्पेक्ट्रमची मूळ १६ केबीची रॉम, म्हणजे मशीनमध्ये कायमचं भरलेलं सॉफ्टवेअर, लागते. ती एम्युलेटरबरोबर द्यायला तिचे हक्क विकत घेतलेल्या अॅमस्ट्रॅड कंपनीने मागेच परवानगी दिलेली आहे, त्यामुळे त्यात चोरीचा मामला नाही. (आपल्या कॅसेटींबद्दल मी हे म्हणत नाहीये. त्या कॉपीच्या कॉपीच्या कॉपी होत्या, कुठून यायच्या ते तू जाणतोस.)

आता तुझा मुद्दा. एम्युलेटर म्हणजे नुसतं चित्र दाखवणं, असं तुला वाटतं. तसं नाही रे. आतला झेड८० प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झवर कुठल्या क्षणी काय करतो, याचा हिशोब तो बारकाईने ठेवतो. ठेवावाच लागतो. स्पेक्ट्रमला आवाजासाठी वेगळी चिप नव्हती, प्रोसेसर स्वतःच स्पीकरचा एक बिट चालू-बंद करायचा. वेळ जरा चुकली की सूर बिघडला. मॅनिक मायनर हा गेम खेळताना मागे वाजणारी धून आठव. चालणं, उडी, शत्रू, सगळं सांभाळून मधल्या फटीत वाजवलेली. एम्युलेटरवर ती तशीच कर्कश वाजते. बायको दार लावून घेते, यापेक्षा चांगलं प्रमाणपत्र नको.

रंगांचंही तेच. स्क्रीन २५६ बाय १९२, आणि आठ बाय आठच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग. त्यामुळे माणूस झाडासमोरून गेला की झाडाने त्याचा रंग घ्यायचा. ती खोड दुरुस्त केली तर स्पेक्ट्रम उरतोच कुठे? एम्युलेटरने ती जपली आहे.

खटकलं ते एकाच ठिकाणी. आपला टीव्ही सेकंदाला ५० चित्रं दाखवायचा, पीसीचा मॉनिटर ६० दाखवतो. मग दर पाच चित्रांमागे एक दोनदा दिसतं आणि सरकणारं दृश्य अडखळतं. आठवडाभर मी पीसीलाच शिव्या घालत होतो. मॉनिटरच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय निघाला, तो लावला आणि सगळं लोण्यासारखं सरकायला लागलं. तुझ्या भाच्याने दाखवलेल्या त्या एम्युलेटरचा तुला राग आला, त्याचं कारण हेच असणार. त्याने सेटिंग पाहिलंच नसेल.

माझा पुतण्या दर दोन पावलांनी गेम सेव्ह करून मॅनिक मायनरच्या वीसच्या वीस गुहा संपवून बसला. मला ते मान्य नाही. त्या गेममध्ये उडी एकदा मारली की हवेत वळता येत नाही, आणि तिथेच तर गंमत आहे. उडी परत घेता आली, तर मॅथ्यू स्मिथने १९८३ मध्ये एवढं जीव तोडून लिहिलं ते कशाला? लोडिंग, म्हणजे टेपवरून गेम आत घेणं, मात्र मी झटपट उरकतो. कडेला नाचणाऱ्या लाल-आकाशी, निळ्या-पिवळ्या पट्ट्या एकदा पाहिल्या आणि टेपची ती किंकाळी एकदा ऐकली, हौस फिटली. पाच मिनिटं थांबून शेवटी 'टेप लोडिंग एरर' वाचायची हौस तुला असेल तर तो पर्यायही आहे.

आता खरं काम. तुझ्याकडे शाहूपुरीत अजून एक खोका आहे ना, त्यात तू बेसिक भाषेत लिहिलेला क्रिकेटचा गेम आहे. बाकीचे गेम जगात कुठेही मिळतील, तो मात्र त्या एका कॅसेटीतच आहे. साताऱ्याच्या पावसात फितीला बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि पांढरे डाग दिसत असतील तर ती वाजवून बघू नकोस, प्लेअरचं फीत वाचणारं हेड खराब होईल. मी इथे प्लेअरचा आवाज पीसीच्या लाइन-इनमध्ये देतो, मोनोमध्ये (एकाच चॅनेलवर) रेकॉर्ड करतो आणि त्यावरून टेपची फाइल बनवतो. आवाज दबका आला तर हेडशेजारचा बारका स्क्रू फीत चालू ठेवून हळूहळू फिरवायचा, किंकाळी टोकदार झाली की थांबायचं. प्लेअरवरचं डॉल्बीचं, खरखर कमी करायचं बटण बंद. प्लेअरमधला रबरी पट्टा सैल झालेला असेल तर वेग डळमळतो आणि काही हाती लागत नाही, म्हणून मी पट्टा नवा घातलाय.

कुरिअरने पाठवू नकोस, खोका आपटतात. कोयनेने ये, स्टेशनवर घ्यायला येतो. कंदी पेढे आण, भडंग इथे आहेच. फक्त कीबोर्डवर खायचं नाही, तुझी ती सवय मला माहीत आहे.

वहिनींना नमस्कार. येण्याआधी फोन कर, म्हणजे सुट्टी टाकतो.

तुझा,
दिल्या