व्हिकी ड्रेव्ह्ज यांच्या नावाने प्रशिक्षण निधी : सभासदांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

सॅन फ्रान्सिस्को आणि परिसरातील मराठी कुटुंबांच्या आपल्या मंडळाने यंदा नेहमीच्या वर्गणीखेरीज एक स्वतंत्र निधी उभारण्याचे ठरवले आहे. बेताच्या उत्पन्नाच्या घरांतील मुलींना, त्यांची मातृभाषा कोणतीही असो, पोहण्याच्या आणि सूर मारण्याच्या शिकवणीची फी त्यातून दिली जाईल. निधीला सूर मारण्याच्या स्पर्धेत ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेल्या व्हिकी मनालो ड्रेव्ह्ज यांचे नाव दिले आहे. पुष्कळांना ते फोल्सम स्ट्रीटवरील उद्यानाच्या पाटीपुरतेच ठाऊक असेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

व्हिकी यांचा जन्म ३१ डिसेंबर १९२४ रोजी याच शहरातील साउथ ऑफ मार्केट भागात झाला. वडील फिलिपिनो, आई इंग्रज. पोहायला त्या नऊ-दहा वर्षांच्या झाल्यावर, पाच सेंट प्रवेशशुल्काच्या सार्वजनिक तलावात शिकल्या आणि सूर मारण्याचा सराव तर सोळाव्या वर्षी सुरू झाला. फिलिपिनो आडनावाच्या मुलीला त्या काळी नामांकित क्लबमध्ये सहज प्रवेश नव्हता. म्हणून प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून त्यांना आईचे माहेरचे टेलर हे आडनाव लावावे लागले. पुढे त्यांनी प्रशिक्षक लाइल ड्रेव्ह्ज यांच्याशी विवाह केला आणि १९४६ ते १९४८ अशी सलग तीन वर्षे प्लॅटफॉर्म, म्हणजे उंच स्थिर मंचावरून सूर मारण्याच्या प्रकारातील अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद राखले.

दहा मीटरवरून झेपावलेले शरीर सुमारे दीड सेकंदात पाण्याशी पोहोचते, तेव्हा त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या घरात असतो. गावच्या विहिरीत मुटका मारून काठावरच्यांना भिजवणाऱ्याचे आपण कौतुक करतो. इथे मात्र पाणी जितके कमी उडेल तितके गुण अधिक. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वेम्बलीच्या तलावात व्हिकी यांनी आधी स्प्रिंगबोर्डचे (लवचिक फळीवरून सूर मारण्याच्या प्रकाराचे) सुवर्ण जेमतेम अर्ध्या गुणाने जिंकले आणि तीनच दिवसांनी, ६ ऑगस्टला, ६८.८७ गुणांसह प्लॅटफॉर्मचेही. एकाच ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही सुवर्णपदके मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यानंतर जलक्रीडेचे व्यावसायिक प्रयोग, पतीसह चालवलेले प्रशिक्षणवर्ग आणि संसार यांत त्या रमल्या. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले होते. १९५२ मध्ये त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. तेथून खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. अर्थात आम्ही कोणाला घर गहाण ठेवायला सांगत नाही!

प्रत्येक कुटुंबाने किमान ५० डॉलर किंवा जमेल तेवढी रक्कम द्यावी, ही विनंती. पोहण्याच्या शिकवणीची फी त्या मानाने आटोक्यातली आहे. खरा खर्च सूर मारण्याच्या प्रशिक्षणाचा, कारण दहा मीटरचा प्लॅटफॉर्म असलेले तलाव मोजकेच असून मुलींना दूरवर न्यावे लागते. त्यामुळे शनिवारी सकाळी गाडी घेऊन येऊ शकणाऱ्या पालकांची मदत आम्हाला देणगीइतकीच मोलाची वाटते. देणगी कोषाध्यक्षांकडे द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी. जमाखर्च वार्षिक सभेत मांडला जाईल. मुलींची निवड करताना केवळ गरज पाहिली जाईल. पदाधिकाऱ्यांच्या नात्यातील मुलींचा विचार होणार नाही.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी