नवजात बाळांच्या एमआरआयसाठी वेळ राखून ठेवावी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

प्रसूतीच्या वेळी गुदमरलेल्या, जन्मताच न रडलेल्या बाळांविषयी हे पत्र लिहीत आहे. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, यातली बरीच बाळे वाचतात, पण त्यांच्या मेंदूला इजा झाली आहे का आणि किती, या आईवडिलांच्या प्रश्नाला खाटेशेजारी होणारी सोनोग्राफी पुरेसे उत्तर देऊ शकत नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव सोनोग्राफीत चांगला दिसतो. गुदमरलेल्या बाळाच्या बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस या खोलवरच्या भागांतली इजा मात्र एमआरआयच नीट दाखवतो.

यात वेळेला फार महत्त्व आहे. एमआरआयच्या डिफ्युजन प्रकारच्या, म्हणजे मेंदूतल्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या, चित्रांत ही इजा पहिल्या काही दिवसांत ठळक दिसते आणि साधारण आठवड्याभरानंतर ती चित्रे फसवी, जवळजवळ निरोगी भासू लागतात, म्हणून पुढच्या महिन्याची तारीख मिळणे हे अशा बाळाच्या बाबतीत नकार मिळण्यासारखेच आहे.

यंत्र असले तरी बाळाला तिथवर नेणे सोपे नसते. वाटेत त्याचे अंग गार पडता कामा नये, कानांवर आवाजरोधक आवरण हवे, आणि सलाइनचा पंप, मॉनिटर, प्राणवायूची सोय हे सारे चुंबकीय क्षेत्रात चालणारे हवे. २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूच्या सिलिंडरसह एक माणूस यंत्राकडे ओढला जाऊन दगावला, तेव्हा ही सावधगिरी केवळ कागदावर ठेवण्याची नाही. गुंगीचे औषध मात्र बहुतेक वेळा लागत नाही: बाळाला पोटभर दूध पाजून दुपट्यात घट्ट गुंडाळले की ते तपासणी होईपर्यंत झोपते. त्यासाठी यंत्राची वेळ दुधाच्या वेळेशी जुळवावी लागते, आणि बाळ जागे झाले म्हणून तंत्रज्ञाने पुढच्या रुग्णाला बोलावले, तर सारा खटाटोप वाया जातो.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून आजारी नवजात बाळाच्या तपासण्या आणि वाहतूक मोफत आहेत, त्यामुळे मी नवी योजना मागत नाही. जिथे सरकारी किंवा करारावरचे यंत्र आहे, तिथे एसएनसीयूच्या बाळांसाठी रोज एक वेळ राखून ठेवावी, सोबत प्रशिक्षित परिचारिका द्यावी आणि जिथे यंत्र नाही, तिथल्या बाळाला कोणत्या रुग्णालयात न्यायचे हे आधीच ठरवून द्यावे, असे परिपत्रक आपल्या विभागाने काढावे, एवढीच विनंती आहे. नवजात मेंदूचे चित्र वाचणे हे वेगळे कौशल्य असल्याने अहवाल दूरस्थ पद्धतीने बाल-रेडिओलॉजिस्टकडून घेता येईल.

एमआरआयने इजा बरी होत नाही, हे मी पालकांनाही सांगतो. पण कोणत्या बाळाला घरी सोडतानाच फिजिओथेरपीसाठी पाठवायचे, हे त्यावरून कळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे याच कामासाठी आहेत. मूल दीड वर्षाचे होऊनही बसत नाही, तेव्हा ते तिथे पोहोचते, हा क्रम बदलायला हवा. म्हणून त्या परिपत्रकात एमआरआयचा अहवाल बाळाच्या डिस्चार्ज कार्डाला जोडून त्याची प्रत या केंद्राला पाठवण्याची जबाबदारीही एसएनसीयूच्या प्रमुखांवर नावानिशी टाकावी.

आपला नम्र,
जिल्हा पातळीवर काम करणारा एक बालरोगतज्ज्ञ